नात्याचा रकाना

"अनुजा तुमची पोरगी कवा झाली, दादा?"

सम्राटनं मोबाईल विजयसिंहांच्या पुढ्यात ठेवला आणि उभाच राहिला. कसबा बावड्यातल्या या घरात थोरल्या भावासमोर त्याचा आवाज कधी चढला नव्हता. गारगोटीहून येताना सगळी वाट तो हेच वाक्य घोकत आला होता, आणि आता तोंडातून सुटल्यावर त्याचं त्यालाच ते बोचलं.

विजयसिंहांनी चष्मा लावून मेल वाचला. दिव्यांग मुलीचा बाप म्हणून सम्राटनं करात जी सूट मागितली होती, तीच त्याच मुलीच्या आधार नंबरावर आणखी कुणीतरी मागितली होती. कर खात्याला खुलासा हवा होता. दुसरा कोण, ते खात्यानं लिहिलं नव्हतं. सम्राटला ते सांगायची गरजही नव्हती.

"रिटर्न भरताना हंबीररावनं इचारलं, घरात कोण अवलंबून हाय का? मी म्हटलं, हाय. कोण लागती? पोरगी म्हटलं." विजयसिंहांनी चष्मा काढला. "त्यात खोटं काय सांगितलं?"

"खोटं न्हाय. पण खरंबी न्हाय की."

अनुजाला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेसाठी ती इथं काका-काकूंकडे राहिली, पण गोष्ट त्याच्याही आधीची. एकत्र घरात वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं पोर उचलून घ्यायचं नाही, अशी रीत. भावाच्या पोराचे लाड मात्र चारचौघांत करावेत. त्यामुळं सम्राटच्या वाटणीचे लाड विजयसिंहांनी केले, आणि स्वतःचं मूल नसल्यामुळं जरा जास्तच केले. आता हे कर खात्याला कुणी समजावून सांगावं?

विजयसिंहांनी हंबीररावला फोन लावला. त्यांचं रिटर्न वर्षानुवर्षं तोच भरायचा. फोन स्पीकरवर होता.

"दादा, पुतणी कायद्यात बसत न्हाय. बायको बसती, पोरं बसत्यात, आई-वडील, भाऊ-बहीण बसत्यात. पुतणीला रकानाच न्हाय," हंबीरराव म्हणाला. "मला वाटलं, तुमचीच हाय."

"सगळ्यांस्नी तसंच वाटतंय," क्रांतीवहिनी दारातून हळूच म्हणाल्या.

"मग करायचं काय?"

"सुधारून भरू. थोडा कर जादा बसंल. आता मोबाईलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा. नाव निघालं म्हणून समजा."

ओटीपी आला. विजयसिंह एकेक आकडा वाचू लागले आणि मध्येच थांबले. सम्राटला वाटलं, आपण उगाच आलो. लगेच वाटलं, उगाच कसं? पोरगी माझी आहे.

"दादा, येळ संपंल ओटीपीची," हंबीरराव म्हणाला.

विजयसिंहांनी उरलेले आकडे भराभर सांगून टाकले आणि फोन ठेवला.

"झालं," ते म्हणाले. "निघालं नाव."

जिंकल्यासारखं काही वाटेना. सम्राट खुर्चीच्या कडेवर टेकला. "मी आज तिला घिऊन जातो. तेजस्विनी म्हणाली, माझ्या लेकीला घेतल्याबिगर येऊ नका."

"न्यायची तर न्या, भावजी. तुमचीच हाय ती." वहिनींच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पण तिथं तिच्याशी बोलणार कोण?"

"म्हंजे? आमी आई-बाप न्हवं व्हय?"

तेवढ्यात अनुजा बाहेरून आली. बापाला बघून तिचा चेहरा फुलला, मग सगळ्यांची तोंडं बघून उतरला. ती सम्राटसमोर उभी राहिली आणि हातांनी काहीतरी विचारू लागली. जेवलीस का, झोप आली का, चल, ये, एवढं सम्राटला यायचं. हे लांबलचक होतं. बोटं भरभर चालली होती, भुवया वर जात होत्या, मध्येच तिनं काकांकडे बोट केलं. सम्राटनं नुसती मान हलवली. तिला कळलं की बाबाला कळलेलं नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळं सावकाश केलं, लहान मुलाला समजावतात तसं.

सम्राटनं भावाकडे पाहिलं. स्वतःच्या मुलीचं बोलणं दुसऱ्याला विचारायचं, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"काय म्हणतीया?"

"इचारतीया, बाबा काकांवर का चिडलाय? माझ्यामुळं का?"

अनुजा उत्तराची वाट बघत होती, एकदा या चेहऱ्याकडे, एकदा त्या. सम्राटनं हात वर उचलले. काय करायचं ते न सुचून तसेच खाली घेतले.

"दादा," तो म्हणाला, "तू माझी पोरगी हाईस, हे हातानं कसं सांगायचं?"

विजयसिंहांनी अनुजाकडे बोट दाखवलं. "ही झाली, तू." मग 'माझी' दाखवायला त्यांनी तळवा उघडला आणि आपल्या छातीकडे नेला. छातीला टेकायच्या आत तो हात थांबला.

मग पुढं वाकून त्यांनी सम्राटचा हात मनगटाला धरून उचलला आणि सम्राटच्याच छातीवर ठेवला.