इंजिनातला गाळ

मावशीला विकलेल्या गाडीचं इंजिन खडखडत होतं, म्हणून हिमानीनं गारखेड्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच झाकण काढलं, तेव्हा जळक्या वासाचा काळा गाळ तिच्या हातावर ओघळला. आत इंजिनाची चक्रं एका तालात फिरवणारी टायमिंग चेन सैल लोंबत होती. "पुसून बंद कर," तिचा नवरा मंदार नाक दाबून म्हणाला, "जाड ऑइल टाकलं की आवाज थांबेल. उद्या मावशी गाडी पैठणला नेईल." "पैठणच्या रस्त्यावर चेन तुटली तर?" "जुनी गाडी होती म्हणायचं." हिमानीला गाळापेक्षा नवऱ्याचीच किळस आली. खास अवजारं नव्हतीच. तिनं नेलपॉलिशनं चक्रांच्या दात्यांवर खुणा केल्या, पान्यानं इंजिन फिरवून त्या जुळवल्या, संध्याकाळपर्यंत दुकानातून आणलेली नवी चेन बसवली. इंजिन न खडखडता सुरू झालं. सकाळी किल्ली देताना तिनं मंदारसमोरच मावशीला सगळं सांगितलं. मावशी जावयाकडं बघत म्हणाली, "गाडी तर सुधारली गं, पण ह्याच्यासोबत तू राहतेस कशी?"