पिसाची साक्ष

"मेणबत्त्या विझवा," फादर ओनोरे म्हणाले. "निखाऱ्यांची शेगडी बाहेर न्या. आणि दार लावून घ्या."

एकही बाई हलली नाही. शेवटी ग्युमेतमावशी सुईणच उठली. "पिसाचीही झडती घ्या की, फादर. आत वारा लपवला असेल कुठं."

कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच गप्प झालं.

वेदीपुढच्या दगडावर पेरोनचं बाळ ठेवलं होतं. परवा सकाळी जन्मलं, ते रडलंच नाही. कान थेट बापाचे. नखंसुद्धा पुरती वाढलेली. ओठांवर बदकाचं एक पांढरं पीस.

फ्रान्समधल्या बर्गंडीच्या त्या डोंगरावरच्या चॅपेलमध्ये, छोट्याशा चर्चमध्ये, अशी कितीतरी बाळं आजवर आली होती. पीस हललं, की बाळात क्षणभर जीव आला असं धरायचं. तेवढ्यात कुणीही, अगदी सुईणीनंसुद्धा, डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा द्यायचा, नाव ठेवायचं. मग त्याला दफनभूमीत, आजी-आजोबांशेजारी जागा. नाही हललं, तर बाप्तिस्मा नाही. भिंतीबाहेर, मेलेली गुरं पुरतात तिथं खड्डा. आणि स्वर्गातही आईची गाठ कधीच नाही.

हे पिसाचं प्रकरण बंद करायलाच बिशपनी फादर ओनोरेंना पाठवलं होतं. शेगडीच्या उबेनं पीस हलतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. माणूस सरळ. खोटं बोलायचा नाही, चालवूनही घ्यायचा नाही. जे घडेल ते चोपडीत लिहायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

खरं तर पेरोननं इथं यायलाच नको होतं. बाळंतिणीला चाळीस दिवस चर्चची पायरी वर्ज्य. पण ती नवऱ्याच्या खांद्याला धरून, बसत-उठत डोंगर चढली होती. नवरा आता बाहेर कुदळ घेऊन उभा होता. भिंतीच्या कुठल्या बाजूला खणायचं, ते कळायची वाट बघत.

दार लागलं. उंच खिडकीतून तेवढा राखाडी उजेड. सगळ्यांचे डोळे पिसावर.

पीस हललं नाही.

पेरोनच्या अंगावर दूध उतरलं. कपडे भिजत गेले, तरी ती बघत राहिली.

"झालं," फादर हळू आवाजात म्हणाले. त्यांनी चोपडी उघडली.

पेरोन पुढं झाली. बाळावर वाकली. आणि सगळ्यांदेखत, नजर फादरांवर रोखून, तिनं फुंकर घातली. पीस थरथरलं, उडालं आणि बाळाच्या गालावर पडलं.

"लाझार, मी तुला बाप्तिस्मा देते..." ग्युमेतमावशीनं पाणी ओतलंसुद्धा.

"अगं, तू फुंकलंस!" फादर पेरोनवर ओरडले.

"मीच फुंकलं."

"तो श्वास बाळाचा नव्हता, पेरोन!"

"गेल्या रविवारी तुम्हीच सांगितलंत ना, फादर, पोटातल्या बाळालाही आत्मा असतो म्हणून?"

"असतोच."

"मग नऊ महिने तो आत्मा कुणाच्या श्वासावर राहिला? तेव्हा माझा श्वास चालला. आज का चालत नाही?"

फादरांनी लेखणी उचलली.

"लिहा," पेरोन म्हणाली. "पेरोननं फुंकलं, असं लिहा खुशाल. बिशपसमोर उभं केलंत तर त्यांनाही हेच विचारीन."

फादर बाळाकडे बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर लेखणी ठेवली.

"मोठ्यानं वाचा," ग्युमेतमावशी म्हणाली. "आम्हाला अक्षर येत नाही. तुमच्यावर भरवसाही नाही."

फादरांनी चोपडी उजेडाकडे धरून वाचलं.

"दार बंद होतं. मेणबत्त्या विझवलेल्या होत्या. शेगडी बाहेर होती. पीस हललं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं."