उपवासाची खिचडी

दिल्लीत मुनिरक्याच्या डॉक्टरांनी गुणवंतरावांना स्पष्ट सांगितलं होतं, गुदद्वाराला चीर पडली आहे. भाजी आणि कोंड्याची पोळी खा, टबात कोमट पाणी घेऊन बसा, महिन्याभरात भरून येईल. पण हे सुनेला सांगणार कसं? शौचाच्या धास्तीने ते जेवणच टाळू लागले. कुणी विचारलं की ‘उपवास आहे’ म्हणत. सून बिचारी हौसेने साबुदाण्याची खिचडी करी. त्याने कोठा आणखी जड होई आणि भरत आलेली चीर पुन्हा फाटे. आज मात्र मनाचा हिय्या करून ते म्हणाले, “नीला, जरा ऐक.” तेवढ्यात शेजारची चोप्रा भाभी आली. नीला कौतुकाने तिला म्हणाली, “हमारे बाबा हफ्ते में चार व्रत रखते हैं!” “पैरी पैना!” म्हणत भाभी त्यांच्यापुढे वाकली. “बाबा, काय म्हणत होतात?” नीलाने विचारलं. “उद्या एकादशी,” ते म्हणाले.