दुसरा गिअर

घाटमाथा ओलांडला आणि जावयाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली.

"आता खालपर्यंत फुकट," तो खुशीत म्हणाला. "पेट्रोलचा थेंब जाणार नाही."

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी दारावरची मूठ धरली. मागच्या सीटवर त्यांची लेक झोपली होती, तिच्या मांडीवर एक वर्षाची नात. रस्ता नुसता खाली खाली चालला होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा कठडा, आणि कठड्यापलीकडे दिसत होते ते झाडांचे शेंडे.

सासूबाईंनी जन्मात कधी गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं नव्हतं. पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मोबाईलवरचा ट्रकचा खेळ त्यांना सापडला होता, आणि दुपारभर त्या डोंगरातून लाकडं वाहत असत. घरात त्यावरून थट्टेला तोटा नव्हता. आज निघतानाही जावई हसून म्हणाला होता, "आई, मोबाईल पर्समध्ये ठेवा. खोटे घाट पुष्कळ झाले, आज खरा बघा."

त्या खोट्या घाटात उतारावर ट्रक न्यूट्रलमध्ये सोडला की आधी ब्रेकचा दिवा पिवळा होई, मग लाल, आणि मग दरी. पडून पडून सासूबाई एवढं शिकल्या होत्या. पण तो ट्रक होता, ही घरची छोटी गाडी. तो खेळ होता. आणि चालवणारा जावई होता. जावयाला उगाच दहावा ग्रह म्हणत नाहीत. ग्रहाला वाट कोण दाखवणार?

त्यांनी नुसताच घसा खाकरला. "अहो, जरा जोरात नाही ना जात आपण?"

"आई, उतार आहे हा. उतारावर हातगाडीसुद्धा पळते."

तो शीळ घालू लागला. बोलावं तर आगाऊपणा, न बोलावं तर मागे दोन जीव झोपलेले. नजर मात्र त्याच्या पायावरून हटेना. पाय ब्रेकवरून निघतच नव्हता.

दोन वळणं गेली. कसलासा करपट वास आला. खेळात वास नसतो, त्यामुळे त्यांना आधी वाटलं, जवळपास कुणी कचरा पेटवलाय. मग लक्षात आलं की ब्रेक मघापेक्षा खूपच खोल दाबला जातोय. आणि शीळ थांबली आहे.

"ब्रेक लागतोय ना?"

"लागतोय," तो म्हणाला. त्याने पुन्हा पाय दाबला, पुन्हा दाबला. "मघाशी लागत होता."

"गिअर टाका. तिसरा."

"आई, प्लीज, आता काही बोलू नका!"

पुढचं वळण अंगावर येत होतं. तिथे कठडा तुटलेला होता. खेळात अशा वेळी स्क्रीन काळी होई आणि 'पुन्हा खेळा' असं बटण येई. सासूबाईंनी मानमरतब सगळा गुंडाळून ठेवला.

"अरे, तिसरा टाक म्हणते ना! एकदम पहिला घालू नकोस, लागणार नाही. तिसरा!"

लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या धक्क्यानेच असेल, त्याचा हात गिअरवर गेला. इंजिन किंचाळलं. सगळे पुढे फेकले गेले आणि पट्ट्यांनी मागे खेचले. नात जागी होऊन भोकाड पसरून रडू लागली.

"काय झालं? आई, काय झालं?" लेक विचारत होती.

वळण कसंबसं निघालं. तुटक्या कठड्यातून खालची दरी क्षणभर लख्ख दिसली.

"आता दुसरा."

"इंजिन फुटेल, आई!"

"फुटू दे. दुसरा टाक. आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढ, एकदम नको, गाडी फिरते. डोंगराच्या बाजूला घे."

हे बोलताना त्यांचा उजवा अंगठा स्वतःच्याच गुडघ्यावर दाबलेला होता, ब्रेकचं बटण तिथेच असल्यासारखा.

गाडी गुरगुरत हळू झाली. चाक गटारात उतरलं, डावा दरवाजा डोंगराला घासला, आणि गाडी थांबली.

जावयाने उतरून चाकांखाली दगड लावले. चाकांतून धूर निघत होता. लेक पोरीला खांद्यावर घेऊन थोपटत, "झालं हं, झालं," म्हणत रस्त्याच्या कडेला फेऱ्या मारू लागली. जावई परत येऊन सीटवर बसला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले. बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं,

"आई, तुमच्या त्या खेळात... असा घाट किती वेळा उतरलात तुम्ही?"

सासूबाईंचा अंगठा अजून गुडघ्यावरच होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने सोडवला. काचेतून नातीकडे पाहिलं.

"पडले पुष्कळदा," त्या म्हणाल्या. "उतरले एकदाच. तेव्हा ट्रक रिकामा होता."