जाळ्याच्या दोऱ्याने

हेमाली गमबूट आणायला स्टेशनकडे गेली आणि परत येईपर्यंत चंदूने तिच्या नव्या पावसाळी जॅकेटवर पथकाचा कापडी बिल्ला शिवून टाकला. टेबलावर बिल्ल्याशेजारी चिकटवायची ट्यूब ठेवलेली होती. तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

शिवला तोही कसा? जाळ्याच्या नायलॉनच्या दोऱ्याने, जाड सुईने, टाक्याटाक्याला दुहेरी गाठ मारून. चंदूने दुरुस्त केलेलं जाळं त्या जागी पुन्हा फाटत नाही, असं चेंदणी कोळीवाड्यात म्हणतात. निदान चंदू तरी म्हणतो. जॅकेट खुंटीला लावून तो ओट्यावर जाळं घेऊन बसला, आपण त्या गावचेच नाही असा.

बाप-लेकीचा महिनाभर अबोला होता. पुरात अडकलेल्या माणसांना काढणाऱ्या बोटींच्या पथकात हेमालीची निवड झाली होती आणि उद्या तिचा पहिला दिवस होता. "पोरीचं काम नाय हे," एवढं बोलून चंदूने तोंड बंद केलं होतं. खरी गोष्ट वेगळी होती. तो घाबरला होता. पुराच्या दिवशी खाडी कशी उलटी फिरते, हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. पण आपल्याला भीती वाटते असं लेकीला सांगायचं, हे चंदूच्या स्वभावात नव्हतं, आणि माझं चुकलं म्हणणं तर त्याहून नव्हतं. म्हणून त्याने बिल्ला शिवला.

हेमाली आली. खुंटीवरचं जॅकेट बघून जागीच थांबली. बिल्ल्यावरून बोट फिरवलं आणि एकटीच हसली. मग जॅकेट उलटं करून तिने आतली बाजू बघितली आणि तिचं हसू मावळलं.

"बाबा, तू शिवलंस हे?"

"मग? तो डिंक काय पुरात टिकनार?" जाळ्यातून मान वर न काढता चंदू म्हणाला. महिनाभरातलं हे त्याचं पहिलं वाक्य.

हेमाली जॅकेट घेऊन मोरीवर गेली, बिल्ल्याची जागा झोळीसारखी धरली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर साचून राहिलं. मग एकेका टाक्याखालून थेंब धरला आणि टपटप गळायला लागला.

चंदू जाळं टाकून उठून आला. "नवं कोरं हाय ना? मग गलतं कसं?"

"सुई गेली की तिथून पाणी जाणारच, बाबा. म्हणून तर चिकटवायचं होतं."

शेवंती नुकतीच बाजारातून आली होती. मासळीची टोपली खाली ठेवत ती नवऱ्याकडे बघून हसली. "आख्खा जनम पानी जाऊ देनाऱ्या वस्तू शिवल्यान. आज दुसरं काय शिवनार?"

चंदू हसला नाही. "उद्या काय होईल मग?" त्याने हेमालीला विचारलं.

"सगळ्यांचं सामान तपासतात. ज्याचं जॅकेट गळतं, त्याला बोटीत घेत नाहीत. काठावर बसवतात."

बरं झालं, असं चंदूच्या मनात आलं. अगदी खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. पोर काठावर, कोरडी, सुखरूप. आणि त्यासाठी आता भांडायलाही नको. जे व्हायचं ते त्याच्याच हातून होऊन बसलं होतं.

त्याने लेकीकडे बघितलं. ती चिडली नव्हती. ओढणीच्या टोकाने बिल्ला टिपत होती, बापाचा एकही टाका ओढला जाऊ नये अशा बेताने. चंदूला स्वतःची लाज वाटली.

"कापून काढ तो," तो म्हणाला.

"काढला तरी भोकं राहणारच. आतून टाक्यांवर डिंक भरून बघते. बसला तर बसला."

"आण इकडं."

चंदू खिडकीच्या उजेडात बसला. जॅकेट उलटं करून त्याने आतली बाजू कोरडी पुसली, दोऱ्यांची टोकं छाटली, गाठी नखाने दाबून सपाट केल्या. हेमालीने समोर बसून कापड ताणून धरलं. बोटाच्या टोकावर डिंक घेऊन तो एकेक टाका भरत गेला. जाळं दुरुस्त करताना भोक राखायचं असतं. इथे बुजवायचं होतं, आणि हाताला त्याची सवय नव्हती. कोपऱ्यातल्या एका टाक्यावर त्याचं बोट थांबलं. हा एक राहिला तर कोणाला कळणार होतं? एवढ्यावर पोर काठावर राहिली असती.

हेमालीने वर बघितलं. "काय झालं?"

"काय नाय," चंदू म्हणाला, आणि त्या टाक्यावर त्याने दोनदा डिंक लावला.

दिवेलागणीला डिंक सुकला. या वेळी जॅकेट चंदूने स्वतः मोरीवर नेलं. शेवंतीला एक बाजू धरायला लावली, हेमालीला खाली हात धरायला सांगितला आणि तांब्या ओतला.

"कोरडं," हेमाली म्हणाली.

त्याने दुसरा ओतला.

"कोरडं आहे, बाबा."

तिसरा ओतला. बिल्ल्यावर पाणी नुसतं डुलत होतं. खाली हेमालीचा तळवा कोरडा ठणठणीत होता आणि ती हसत होती. चंदू पुन्हा तांब्या भरायला वाकला.

"झालं की आता," शेवंती म्हणाली. "अजून किती ओतनार?"

चंदूने तांब्या बाजूला ठेवला.

"खाडी काय तांब्यानं येते?" तो म्हणाला. "बादली आन."