अनुकंपा तत्त्वावर

"निवड विभाग हितंच का?" दारातल्या म्हाताऱ्यानं विचारलं आणि अंकितानं कॉम्प्युटरवरनं मान वर केली.

निवड विभाग! सोलापुरात नव्या पेठेतल्या त्या दोन खोल्यांत विभाग कसला आलाय? सहा कॉम्प्युटर, पाण्याचा जार आणि आतल्या केबिनमध्ये मालक अभिमन्यू. इथून रोज लाखभर लोकांना ईमेल जायची, 'आपली निवड झाली आहे' म्हणून. नोकरी कुठंच नव्हती. हजारात दोघांनी नोंदणी फी भरली तरी अभिमन्यूचं झकास चाललं होतं. अलीकडे मात्र ईमेल कंपन्यांनी चाळण्या बारीक केल्या, आणि पत्रं सरळ कचऱ्यात पडायला लागली. तळाशी खराखुरा पत्ता घातला की पत्र चाळणीतून सुटतं, ही अक्कल अंकितानंच चालवलेली. अभिमन्यूनं सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती तिची. त्या पत्त्यावर कुणी चालत येईल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं पायताणं बाहेर काढली. मागोमाग पंचविशीतली एक बाई आत आली, काखेत पिशवी धरून.

"मी त्रिंबक. केमवरनं आलो. ही आमची सून शुभदा, यशपालची बायको."

यशपाल कोण हे मॅडमना ठाऊकच असणार, अशा थाटात त्यानं घडी केलेला कागद पुढं ठेवला. 'प्रिय यशपाल, हार्दिक अभिनंदन.' पत्र अंकितानंच लिहिलेलं होतं. नाव तेवढं मशीननं भरलं होतं.

"बसा काका. यशपाल नाही आले?"

"गेला की त्यो. गाडीवरनं पडला." त्रिंबकनं छताकडं बघितलं. "त्याचं जलदानाचं कार्य झालं आन दुसऱ्या दिशी तुमचं पत्र आलं, त्याच्या मोबाइलवर. लई अर्ज करायचा वो पोरगं."

शुभदा पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. त्रिंबकनं घसा खाकरला. पुढचं तो पाठ करून आला होता.

"तर आमचं म्हननं असं. पोरगा नोकरीला लागला, पन हजर व्हायच्या आधी वारला. तवा त्याच्या जागी हिला घ्या. अनुकंपा तत्त्वावर."

आता काय बोलावं माणसानं! नोकरीत असताना नवरा गेला की बायकोला त्याच्या जागी घेतात, हे म्हाताऱ्यानं उभ्या आयुष्यात दहा ठिकाणी बघितलं होतं. त्याचा हिशेब कुठंच चुकला नव्हता. फक्त नोकरी नव्हती.

त्यानं एकेक कागद टेबलावर मांडला. मृत्यूचा दाखला, सुनेचा बारावीचा निकाल, रेशनकार्ड. शेवटी यशपालच्या धाकट्या भावाची ना-हरकत, स्टँपपेपरवर.

"ही काय फुकट दिली न्हाय त्यानं. भाऊ हाय, त्याचा बी हक्क हायच की. म्हनला, नोकरी वहिनीला तर रान मला. मला बी पटलं. एकाच्याच पदरात सगळं कसं टाकायचं? मग हिनं आपल्या वाटनीचं हक्कसोडपत्र करून दिलं. परवा करमाळ्याला जाऊन रजिस्टर केलं."

"किती रान होतं?"

"एक एकर," शुभदा पहिल्यांदाच बोलली. "हिरीचं पानी हाय."

अंकिता काही शहरातली नव्हती. ती मोडनिंबची. रांडाव बाईला एकर म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. केबिनचं दार अर्धवट उघडं होतं, आत अभिमन्यूची खुर्ची करकरली. तोंड उघडलं की आजच घरी जावं लागणार. तरी ती बोलली.

"काका, अशी नोकरीच नाहीये. हे पत्र खोटं आहे, मीच लिहिलंय. असं लाख लोकांना जातं. तुम्ही आत्ता परत फिरा, वकील गाठा, ते हक्कसोडपत्र रद्द होतंय का बघा."

त्रिंबक रागावला नाही. उलट समजुतीनं हसला.

"पोरी, कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून म्हातारा झालो मी. पैल्यांदा न्हायच म्हनत्यात. जागा न्हाय, सायेब न्हाय, कागद खोटा हाय. तुला वरनं सांगितलंया तसं तू बोलतीस, तुज्यावर माजा राग न्हाय. आमी परत येऊ की. धा येळा येऊ."

"अहो, आईची शपथ काका..."

तेवढ्यात अभिमन्यू बाहेर आला. त्यानं अंकिताकडं बघितलंसुद्धा नाही. वाकून म्हाताऱ्याला नमस्कार केला.

"मॅडम नवीन आहेत काका, त्यांना नियम माहीत नाहीत. अनुकंपाचा फॉर्म वेगळा असतो. फी भरावी लागेल, पण काम होईल. या आत."

"बघ!" त्रिंबकनं सुनेकडं वळून म्हटलं. त्याचा चेहरा उजळला होता. "म्हनलं न्हवतं?" कागद गोळा करून तो लगबगीनं केबिनमध्ये शिरला. सुनेचं पूर्ण नाव तो आत सावकाश सांगत होता, दोन-दोनदा, लिहिणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून.

शुभदा जागची हलली नाही. केबिनमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून ती टेबलावरून अंकिताकडं वाकली.

"ताई, तुमीच खरं बोलला, व्हय ना?"

अंकितानं होकारार्थी मान हलवली.

"मग पत्र खोटं निघालं, तर त्याच्यापायी केलेली माजी सही बी खोटीच धरत्याल की, ताई?"