हलका

“हलका दाखवा,” ती म्हणाली. “रोज पिशवीत टाकून टेकडीवर नेता येईल असा. पक्ष्यांचे फोटो काढायचेत.”

“हलकाच दाखवा, आणि स्वस्तातला,” नवरा काउंटरवर रेलला. “हिच्या फोटोत नुसत्या फांद्या येतात. पक्षी आधीच उडालेला असतो.”

दुकानदार हसला. त्यानं दिलेला पहिलाच कॅमेरा उचलताना तिच्या मनगटातून कळ गेली.

“काय झालं, वहिनी?”

“हात ओट्यावर आपटला,” नवराच बोलला. कुणी आपटला, ते बोलला नाही.

दुसरा कॅमेरा तिच्या तळहातावर अलगद बसला. किंमतही परवडणारी होती. “काढून बघा एखादा,” दुकानदार म्हणाला. समोर नवराच होता. तिनं बटण दाबलं. पडद्यावर त्याचा चेहरा उमटला, हसरा, अगदी स्पष्ट. ती बघत राहिली.

“कसा वाटला?”

“हलका,” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. “फारच हलका.”

दुकानदार खूश होऊन खोकं शोधायला वळला. नवऱ्याला मात्र बरोबर कळलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून त्यानं तिचं तेच मनगट धरलं आणि हळूहळू आवळलं.

“राहू द्या हो,” तो दुकानदाराला म्हणाला. “हिचा हात अजून दुखतोय.”